विनंती, थांबा

सानपाड्याच्या नव्या वसाहतीत वेणूबाई मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि काचेत बसवलेलं एक प्रमाणपत्र आलं. ट्रंका पलंगाखाली गेल्या, पाटा मोरीशेजारी गेला आणि प्रमाणपत्र दारासमोरच्या भिंतीवर, देवांच्याही वितभर वर लागलं.

"आई, देवाच्या वर कशाला?" धनाजीनं खिळा ठोकता ठोकता विचारलं.

"देवानं कधी परीक्षा दिलीया?" वेणूबाई म्हणाल्या.

प्रमाणपत्र साक्षरता वर्गाचं होतं. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात तो वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा. वेणूबाई तिथं पन्नाशी उलटल्यावर गेल्या, आणि एकदा वाचायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. गावात वाचण्यासारखं फारसं नव्हतं. इथं नव्या मुंबईत जिकडंतिकडं पाट्याच पाट्या. 'येथे थुंकू नये' वाचून त्या थुंकणाऱ्याकडं बघत उभ्या राहायच्या. दवाखान्यात 'पादत्राणे बाहेर काढावीत' असं वाचलं आणि पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एका गृहस्थाला उरलेली एक चप्पल काढायला लावली. वसाहतीतल्या बायका रेशनच्या दुकानाबाहेरचा फळा वाचायलाही त्यांनाच बोलवायच्या. एकट्या शेजारच्या सुमित्राबाई तेवढ्या यायच्या नाहीत. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, पण वेणूबाईंचं वाचलेलं कधी ना कधी चुकेल याची त्या मनापासून वाट बघत होत्या.

उज्वला ही वेणूबाईंची सून. सासूला 'आत्या' म्हणायची त्यांच्याकडची पद्धत. उज्वला चांगली दहावी झालेली, पण घरात एक वाचणारं माणूस असलं की दुसरं आपोआप वाचायचं सोडतं. वेणूबाईंच्या हातात वाण्याच्या पुडीचा कागद पडला तरी तो मोठ्यानं वाचला जायचा. आणि उज्वलाच्या दोन्ही हातांत तर मंजुषा असायची, अडीच वर्षांची, पायात पीं-पीं वाजणारे बूट घातलेली. वाजणारे बूट घेतले होते ते पोर कुठं आहे हे कळावं म्हणून. उपयोग असा झाला की पोर कुठं आहे हे सगळ्या वसाहतीला कळायचं.

वसाहतीतले बहुतेक पुरुष धनाजीसारखेच बाजारात माथाडी. पहाटे चालत जायचे, ऊन तापलं की चालत परत यायचे. प्रश्न बायकांचा होता. वसाहतीसमोरचा रस्ता कागदावर फार देखणा दिसत असणार. तो इतका रुंद होता की पलीकडून कुणी हाक मारली तर ती कुणाची हे ओळखू यायचं नाही. त्यावरून बाजाराचे ट्रक दिवसभर जायचे. फुटपाथ जिथं असायला हवा होता तिथं खडीचे ढीग आणि एक उघडं गटार. रस्ता ओलांडायचा म्हणजे आधी अर्धा ओलांडायचा, मधल्या दुभाजकावर पदर खोचून उभं राहायचं, एकमेकींच्या तोंडाकडं बघायचं, आणि मग जीव मुठीत धरून उरलेला अर्धा. स्टेशनजवळचा बसस्टॉप त्याच्याही पलीकडं, नाल्याला वळसा घालून.

म्हणून दिवाळीनंतर शहराची नवी बस वसाहतीच्या दारावरून धावायला लागली आणि गेटाबाहेर बसचा खांब उभा राहिला, तेव्हा बायकांनी खांबाला हळदकुंकू लावलं. मग सगळ्यांनी वेणूबाईंकडं बघितलं. वेणूबाईंनी चष्मा पुसला, मान वर केली आणि खणखणीत आवाजात वाचलं,

"विनंती." मग श्वास घेतला. "थांबा."

बायकांनी पदर सारखे केले. एवढ्या आदरानं त्यांच्याशी या शहरात अजून कुणी बोललं नव्हतं. बाजारात 'ए बाई', रेशनला 'सरका मागं', आणि इथं खुद्द सरकार विनंती करतंय, की थांबा.

"मग थांबायचं," वेणूबाईंनी निकाल दिला. "ढकलाढकली न्हाय, आरडावरडा न्हाय. रांगेत थांबायचं."

आणि खरोखर, त्या दिवसापासून बायका रांगेत थांबू लागल्या. हात खाली, पिशवी पोटाशी, पावलं रस्त्यापासून चांगली मागं. बस यायची आणि सुसाट निघून जायची. आत चार माणसं आणि पेंगणारा कंडक्टर दिसला, तरी कुणीतरी म्हणायचं, "भरलेली दिसतीय." थोडा वेळ आणखी थांबून सगळ्या नाल्याच्या वाटेला लागायच्या. परतीची बस दुभाजकापलीकडं उतरवायची, त्यामुळे अलीकडच्या खांबापाशी बस कधी थांबलेली वसाहतीनं पाहिलीच नव्हती.

थांबायची ती फक्त शेवंताबाईंसाठी. शेवंताबाई जुन्या सानपाडा गावातल्या, मासळी घेऊन वाशीला जाणाऱ्या. त्यांच्या शेतावरच ही वसाहत उभी होती, आणि ही गोष्ट त्या दिवसातून एकदा तरी सांगायच्या. त्या खांबाजवळ कधी यायच्याच नाहीत. पुढं गुलमोहोराखाली डोक्यावर पाटी घेऊन रस्त्यात उतरायच्या, हात आडवा करायच्या, आणि बस त्यांच्या पुढ्यात येऊन करकचून थांबायची.

"अवो, असं आडवं काय जाता?" वेणूबाई एकदा त्यांना म्हणाल्या होत्या. "पाटीवर चांगलं लिवलंय की थांबा म्हनून."

"तुमची पाटी खांबाव, माजी पाटी डोक्याव," शेवंताबाई म्हणाल्या. "तुमचीला वास नाय, बाय. माजीला हाय. तुमी थांबा, मना नाय टाईम."

हे असंच कितीक दिवस चाललं असतं. पण डिसेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे उज्वलाला वाशीच्या एका बालवाडीत नोकरी लागली. बालवाडीच्या अरुणाताईंनी तिची गाणी ऐकली, तिचं मराठी ऐकलं, आणि मंजुषालाही बरोबर आणायची परवानगी दिली. अट एकच होती. "शनिवारपासून या. पण वेळेवर. मुलं दारात उभी आणि बाई रस्त्यात, असं दोनदा झालं की मी दुसरी बघते. आत्ताच सांगते, नंतर वाईट नको."

लग्नानंतर उज्वलाला स्वतःचं असं पहिल्यांदाच काही मिळालं होतं, आणि त्यात लेक सोबत ठेवता येत होती. तिनं दोन दिवस हे कुणाला सांगितलंच नाही, नुसती भाकरी थापताना गाणी म्हणत राहिली. धनाजीला वाटलं तिला दिवस गेले. खरं कळल्यावर तो म्हणाला, "भारी काम झालं. पण जायचं कसं? पोरगी काखेत, पिशवी खांद्यावर, त्या दुभाजकावर उभी राहणार तू? मला बाजारात टेन्शन येईल."

"दारातून बस आहे की," उज्वला म्हणाली.

"ती थांबते का?"

"थांबेल की एखाद्या दिवशी."

दुसरी गोष्ट म्हणजे जयप्रकाश. हा रस्त्याच्या ऑफिसातला तरुण इंजिनीअर, ऐरोलीहून सायकलीवर यायचा, पँटला क्लिपा लावून. सोमवारी सकाळी त्यानं खांबासमोर घडीची खुर्ची मांडली, छत्री उघडली आणि मांडीवर पॅड घेऊन बसला. रस्ता बदलायचा होता. दोन्ही बाजूंना रुंद फुटपाथ, त्याला लागून सायकलींची वाट, बसला स्वतःची जागा, आणि ट्रकांनी उरलेल्यात मावायचं. हे बोलताना त्याचे डोळे चमकायचे.

"हा रस्ता आम्ही लोकांना परत देणार आहोत," त्यानं बायकांना सांगितलं.

"नेला कवा होता?" वेणूबाईंनी विचारलं.

शेवंताबाई पुढून जाता जाता म्हणाल्या, "त्यो तुमना नाय, मना देनार हाय. माजा होता."

जयप्रकाशचं काम मोजायचं होतं. कोण कुठं चढतं, कोण कुठं ओलांडतं. त्याच्या मोठ्या साहेबांनी त्याला बजावून पाठवलं होतं, की मोजणाऱ्यानं मोजायचं, शिकवायचं नाही. लोकांना काही सांगितलं की लोक बदलतात, आणि आकडे खोटे होतात. जयप्रकाश हा नियम व्रतासारखा पाळायचा. रोज सकाळी समोर बायकांची सुबक रांग लागलेली बघायचा, बस जाताना बघायचा, रांग पांगताना बघायचा. त्याच्या कपाळावरच्या आठ्या वाढत चालल्या. त्याला वाटलं हा काहीतरी नेम असावा. खांबाला हळदकुंकू होतंच.

शुक्रवारी उज्वला मंजुषाला घेऊन गेटाबाहेर आली तेव्हा तो एकटाच खुर्चीवर बसला होता. मंजुषा पीं-पीं करत थेट त्याच्या सायकलीकडं गेली आणि घंटी वाजवायला लागली.

"साहेब, फुटपाथ झाला की हा खांब पण जरा मागं घेणार का?" उज्वलानं सहज विचारलं. "इथं उभं राहिलं की ट्रकची हवा लागते पोरीला."

जयप्रकाशनं पॅडकडं बघितलं. "हा खांब राहणार नाही, ताई."

"म्हणजे?"

"इथं कुणी चढत नाही. नकाशात अशा जागा कमी केल्या की बस लवकर पोचते. उद्या मोजणी संपली की हा स्टॉप निघेल. स्टेशनजवळचा आहेच."

"पण आम्ही रोज उभ्या असतो इथं. तुम्ही रोज बघता."

"उभं राहणं धरत नाहीत, ताई. चढणं धरतात."

"बस थांबतच नाही तर चढणार कशा? शेवंताबाईंसाठी बरी थांबते. आम्ही काय तिचं घोडं मारलंय?"

जयप्रकाशनं ओठ घट्ट मिटले. मग इकडंतिकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर शाळेत शेजारच्याला उत्तर दाखवणाऱ्या पोराची कळा आली. "मला सांगता येत नाही," तो हळूच म्हणाला. "नियम आहे. पण ताई, तुम्ही शिकलेल्या आहात ना? ती पाटी एकदा स्वतः वाचा. मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही."

उज्वलानं मान वर केली. एवढ्या दिवसांत ती पाटी तिनं कानांनीच वाचली होती. आता डोळ्यांनी वाचली. विनंती थांबा. मध्ये स्वल्पविराम नव्हता, श्वास नव्हता, काहीच नव्हतं. हायस्कूलला जाताना एसटीचा असाच विनंती थांबा होता. हात केला की गाडी थांबते, नाही केला की जाते. चार वर्षं ती त्याच थांब्यावरून चढली होती.

तिला आधी हसू आलं. इतकं आलं की तिनं मंजुषाच्या केसांत तोंड लपवलं. सगळी वसाहत हात खाली करून, अदबीनं, रिकाम्या बसगाड्यांना वाट देत उभी होती. मग हसू ओसरलं आणि तिच्या डोळ्यांपुढं देवांच्या वर लावलेलं प्रमाणपत्र आलं. उद्या सकाळी रांगेत सगळ्यांसमोर सुनेनं म्हणायचं, की आत्यांनी चुकीचं वाचलं? सुमित्राबाई ते ऐकून साखर वाटतील. आत्या काही बोलणार नाहीत. पण परत कुठली पाटी मोठ्यानं वाचणार नाहीत, आणि तेवढ्यानं घर किती मुकं होईल हे उज्वलाला आत्ताच ऐकू यायला लागलं. न बोलावं, तर उद्या खांब जाणार, आणि खांबाबरोबर बालवाडी.

संध्याकाळी दोघी मेथी निवडायला बसल्या. मंजुषा मध्ये बसून निवडलेली मेथी परत न निवडलेल्यात घालत होती.

"आत्या, एक विचारू? ती बसची पाटी कुणाला म्हणते हो थांबा?"

"कुनाला म्हंजी? उभ्या माणसाला."

"पण तिचं तोंड बघितलंत का? आपल्याकडं नाहीच ते. बस येते तिकडं आहे."

वेणूबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. त्यांनी मनातल्या मनात खांबाला एक प्रदक्षिणा घातली. "व्हय की गं," त्या म्हणाल्या. "तिकडंच हाय तोंड. म्हंजी ही विनंती सरकारची न्हाय?"

"आपली आहे. आपल्या वतीनं लिहिलीय. ड्रायव्हरला."

"विनंती," वेणूबाईंनी हळूच म्हटलं, आणि श्वास घेतला, "थांबा. आसं आपुन त्येला म्हनतोय." त्यांचा चेहरा उजळला. "मी वाचलं बराबर, फकस्त वाचनारा येगळा."

"अगदी तेच," उज्वला म्हणाली. तिला एवढी सोपी सुटका होईल असं वाटलं नव्हतं.

"मग त्यो मुडदा थांबत का न्हाय?"

"गाडी जोरात असते ना. वाचायला वेळ मिळत नसेल. आपण नुसता हात केला, तरी—"

"हात कशाला?" वेणूबाई ताठ बसल्या. "ज्याला वाचाय येत न्हाय त्येला वाचून दावायचं आसतं. आमच्या बाईंनी मला हात करून शिकवलं का? त्या म्हनायच्या, मागनं आमी म्हनायचो."

"नाही आत्या, नुसता एक हात पुरतो, खरंच."

पण वेणूबाई पदर खोचून बाहेर पडल्याही होत्या. दारोदार जाऊन त्यांनी निरोप दिला, की उद्या सकाळी सगळ्यांनी यायचं, डायवरला वाचून दाखवायचंय. सुमित्राबाई दारातूनच म्हणाल्या, "म्हणजे आधीचं चुकलं होतं तर."

"चुकलं न्हाय. तोंड फिरलं हुतं," वेणूबाई म्हणाल्या, आणि पुढच्या दाराकडं गेल्या.

शनिवारी सकाळी उज्वलानं ठेवणीतली निळी साडी नेसली, मंजुषाच्या दोन शेंड्या घातल्या, डबा भरला, आणि ती गेटाबाहेर आली. नेहमीच्या दुप्पट बायका होत्या. काहींच्या हातांत अजून पीठ होतं. जयप्रकाश खुर्चीवरून अर्धवट उठला होता, आणि काय करावं हे न कळून परत बसला होता.

लांबून बस दिसली. वेणूबाई रस्त्यात उतरल्या. मागं सगळ्या बायका. वेणूबाईंनी दोन्ही हात जोडले आणि साक्षरता वर्गातल्या ठेक्यात, अक्षर सुटं करून म्हटलं, "वि-नं-ती."

"वि-नं-ती," मागून सगळ्या.

"थां-बा."

"थां-बा."

बस अशी थांबली की आतल्या माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मागचा ट्रक भोंगा वाजवत राहिला. ड्रायव्हरनं बायकांचा तो घोळका बघितला, जोडलेले हात बघितले, ऐकू आलेल्या घोषणा आठवल्या, आणि इंजिन बंद करून टाकलं.

"बाई, माझा काय दोष?" तो खिडकीतून म्हणाला. "मी परवाच ड्युटीवर आलोय. ते बघा साहेब तिथं बसलेत खुर्चीवर, त्यांच्याशी बोला."

कंडक्टर दारात आला. त्यानं मोर्चे पाहिलेले असावेत. "शांततेत घ्या," तो म्हणाला. "तुमच्या मागण्या काय आहेत?"

"मागनी न्हाय," वेणूबाई म्हणाल्या. "विनंती हाय."

"बरं, विनंती काय आहे?"

"थांबा."

"थांबलो की, आजी."

"मग झालं," वेणूबाई समाधानानं म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

पुढं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इथपर्यंत गोष्ट कधी आलीच नव्हती. बायका बसकडं बघत उभ्या, बसमधले बायकांकडं. उज्वला मंजुषाला कडेवर घेऊन दाराशी जायला धडपडत होती, पण मध्ये अख्खी वसाहत होती. मनात तिला अरुणाताईंचं दार दिसत होतं, आणि दारात उभी राहिलेली पोरं.

तेवढ्यात गुलमोहोराकडून शेवंताबाई तरातरा चालत आल्या. पाटी डोक्यावर, हात कमरेवर. "मना सोरून गारी हितं कनाला थांबवलीस रं?" त्यांनी ड्रायव्हरला झापलं. मग बायकांकडं वळल्या. "आनि तुमी काय गो, बसची दृष्ट कारताव काय? थांबली ना? आता चरा वर. एक एक. ती पोरवाली पयली."

त्यांनी उज्वलाला पाठीमागून असा धक्का दिला की ती सरळ ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. तिच्या मागून बायका चढल्या. कामाला जाणाऱ्या चढल्या, बाजार करायच्या होत्या त्या चढल्या, आणि ज्यांना कुठंच जायचं नव्हतं त्याही चढल्या, कारण एवढी मेहनत केल्यावर बस नुसती सोडायची कशी? जयप्रकाश खांबाशी पळत आला होता आणि पेनानं हवेतच मोजत होता. सुमित्राबाई चढल्या, घराला कुलूप नाही हे आठवून उतरल्या, कुलूप लावून येऊन परत चढल्या.

"यांना एकदा धरू की दोनदा?" जयप्रकाश स्वतःशीच पुटपुटला.

"दोनदा धरा," सुमित्राबाई म्हणाल्या. "माझे गुडघे दोनदा दुखले."

कंडक्टरनं पहिल्या बाईला विचारलं, "कुठं?"

तिनं उज्वलाकडं बघितलं. "ही कुठं चाललीय?"

"वाशी," उज्वला म्हणाली.

"वाशी," ती म्हणाली. "वाशी," पुढची म्हणाली. सगळी बस वाशीला निघाली.

त्या दिवशी अरुणाताईंच्या बालवाडीत मुलं यायच्या आधी नवी बाई आली, आणि बाईला सोडायला सतराशे साठ पाहुण्या. वेणूबाईंनी भिंतीवरची बाराखडी शेवटपर्यंत वाचली, एक 'ळ' तिरका लागलाय हे दाखवून दिलं, आणि मग बायकांना घेऊन वाशी बघायला गेल्या. ऊन तापल्यावर धनाजी आणि बाकीचे बाजारातून परतले, तेव्हा वसाहतीत एक बाई सापडेना. दारांना कुलपं, चुली थंड. सगळे गेटाबाहेर येऊन बसले आणि जयप्रकाशला एकच प्रश्न आळीपाळीनं विचारत राहिले. जयप्रकाश म्हणत होता, "मला सांगता येत नाही. नियम आहे."

पण त्याच्या मोठ्या साहेबांनी तो आकडा बघून कागद बाजूला सारला. पाच दिवस कुणी नाही आणि सहाव्या दिवशी अख्खी वसाहत, याला मोर्चा म्हणतात, प्रवासी म्हणत नाहीत, असं त्यांचं मत पडलं. जयप्रकाश त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांशी भांडला. त्यानं आणखी एक आठवडा मागून घेतला. हे त्यानं उज्वलाला सांगितलं तेव्हा वर घाईनं जोडलं, "मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

तो आठवडा उज्वला श्वास रोखून जगली. काळजीचं कारण नव्हतं. ड्रायव्हर तोच होता. वेणूबाईंचं हिरवं लुगडं लांबून दिसलं की तो आधीच गाडी हळू करायचा आणि खांबाशी आणून उभी करायचा, कुणी काही वाचायच्या आत. वेणूबाईंना ते फारसं रुचायचं नाही. बायकांना मात्र सवय लागली. कुणाला वाशीची भाजी ताजी वाटायला लागली, कुणाची वाशीला बहीण निघाली. सुमित्राबाई तर रोज जायच्या, गुडघ्याच्या डॉक्टरकडं, कारण आता जाता येत होतं.

त्याच्या पुढच्या सोमवारी जयप्रकाश गेटाबाहेर ओणवा होऊन फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारत होता. इथून इथपर्यंत फुटपाथ, ही सायकलींची वाट, आणि ती खांबाच्या मागून वळवलेली, म्हणजे चढणाऱ्या माणसाला सायकल लागायला नको. कडेला उतार ठेवलेला, गुडघ्यांसाठी.

"राहिला?" उज्वलानं विचारलं.

"राहिला," तो म्हणाला. आज त्याला सांगायची परवानगी होती, आणि ते त्याच्या तोंडभर दिसत होतं.

मंजुषा पांढऱ्या रेघेवरून पीं-पीं करत चालत होती आणि रेघ बुटाला लागून पुसली जात होती. तिला उचलून घ्यावं म्हणून उज्वला वाकली, खांद्यावरची पिशवी घसरली, डबा कलंडला, आणि नेमकी तेव्हाच बस आली. ड्रायव्हर नवा होता. त्याला हिरवं लुगडं माहीत नव्हतं, मोर्चा माहीत नव्हता. गाडी जोरात होती.

उज्वलाचे दोन्ही हात भरलेले होते. "आत्या," एवढंच ती म्हणाली.

वेणूबाईंनी ना हात जोडले, ना काही वाचलं. त्यांनी उजवा हात सरळ खांद्यापासून बाहेर काढला, तळवा खाली, आणि दोनदा हलवला, इतक्या सराईतपणे की जणू आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं. बस थांबली.

उज्वला पायरीवर एक पाय ठेवून वळून बघत राहिली.

"बघतीस काय?" वेणूबाई पिशवी तिच्या खांद्यावर चढवत म्हणाल्या. "गावात येष्टीला काय आरती ओवाळायचो? हातच करायचो."

"मग आत्या, इतके दिवस—"

"गावात पाटी न्हवती गं," वेणूबाई म्हणाल्या. "पाटी आली की मानसाला वाटतं, आता काईतरी येगळं आसनार." मग त्या पुढं वाकल्या आणि आवाज खाली आणला. "ह्ये सुमित्रीला सांगू नगंस. जा. पोरं दारात यायच्या आत पोच."